जनावरांतला पोरगा

स्थळ आणणाऱ्या श्यामरावानं फोनवर सांगितलं होतं, की पोरगा जनावरांत आहे, पवनी रोडवर, पगारी. वासुदेवरावांनी अर्थ लावला: दुधाचा धंदा असेल, नाहीतर गुरांच्या दवाखान्यात असेल. अड्याळकडं सापालाही जनावरच म्हणतात. दिवेलागणीनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं, हे घरात तेच सगळ्यांना बजावत. पण सोयरिकीच्या बोलण्यात तो अर्थ निघेल असं कुणाला वाटेल?

सोयरीक जुळवायची त्यांची रीत गावाला माहीत होती. मोठ्या दोन्ही पोरींची घरं त्यांनी ढोरांच्या कोठ्यातच पसंत केली. पाहुण्यांकडं गेले की चहाच्या आधी विचारायचे, ढोरं कुठं बांधता? मग बैलाच्या पाठीवर हात ठेवायचे. कातडी थरथरली, बैल अंग चोरून बाजूला सरला, की समजायचं, या घरात हात उठतो. मग चहा प्यायचा, धानापाण्याचं बोलायचं आणि परत यायचं. एक खातंपितं घर असंच सोडलं, तेव्हा त्यांची बायको ललिताबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही पोरगी देऊन राहिले का बैल घेऊन राहिले?" पण पोरी सुखात होत्या. निदान ते तसं धरून चालत. आता धाकटी कामिनी उरली होती, आणि श्यामरावानं मुलाकडच्यांना आज होकार-नकार कळवायचा शब्द देऊन ठेवला होता.

पवनी रोडवर पोराच्या कामाच्या ठिकाणी ते फाटकातून आत आले तेव्हा पहिल्यांदा खटकलं ते हे, की शेणाचा वास नाही. नागपूरकडची माणसं लेकरं घेऊन रांगेत उभी होती. कोंबडीएवढा निळा पोपट कुणाच्या खांद्यावर बसे, फोटो निघे, की पुढच्याच्या खांद्यावर. टेबलावर हिरवा, काटेरी पाठीचा सरडा पडला होता आणि बाया त्याची हनुवटी खाजवत होत्या. भोंग्यातून आवाज येत होता: हात लावा, घाबरू नका, हात लावा. रानात कशाला हात लावायचा नाही, हे शिकण्यात वासुदेवरावांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इथं त्याच्या उलट चाललं होतं, आणि सगळे हसत होते.

ज्याला पाहायला आले होते तो धर्मेंद्र पुढं आला. सडपातळ पोरगा, अंगात हिरवा टीशर्ट, आणि गळ्यात दुपट्टा टाकावा तसा अजगर. तो पाया पडायला वाकला, तसे वासुदेवराव दोन पावलं मागं सरले. आशीर्वाद तोंडातच राहिला.

पोरानं सांगितलं, की हे सगळे परदेशी जीव आहेत, इथल्या रानातले नाहीत, कागदपत्रं आहेत. वासुदेवरावांनी मान हलवली. मग सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "ढोरं कुठं बांधता?"

"ढोरं नाहीत, काकाजी. हेच आहेत."

बराच वेळ ते त्या अजगराकडं पाहत राहिले. शेवटी हात ठेवला. पाठ कुठं सुरू होते आणि कुठं संपते, तेच कळेना. अजगर थरथरला नाही, सरकला नाही, हाताकडं झुकलाही नाही. भिंतीवर हात ठेवावा तसं झालं. फक्त भिंत श्वास घेत होती.

"काही करत नाही," धर्मेंद्र म्हणाला. "कोनाले वळखतही नाही. मलेही नाही."

त्यांनी सरड्याला हात लावून पाहिला. पोपटालाही. कुणीच काही सांगितलं नाही. रोज इतके हात फिरलेल्या अंगाला हाताचं काय वाटणार? की ही कातडी त्यांनाच वाचता येत नव्हती? मग बैलांचं तरी बरोबर वाचलं होतं का? हा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता.

निघताना धर्मेंद्र फाटकापर्यंत सोबत आला. अजगर त्यानं आत ठेवला होता. येतो रे बाबू, म्हणत वासुदेवरावांनी सहज त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पोरानं अंग चोरलं. खांदा आत गेला, कातडी हाताखाली थरथरली. मग तो ओशाळं हसला.

वासुदेवरावांनी हात काढला नाही. "कोन मारे?"

"बाप," धर्मेंद्र खाली पाहत म्हणाला. "मेला आता तो."

रस्त्यावर एसटीची वाट पाहत ते उभे राहिले. बैल अंग चोरतो तेव्हा दोष मालकाचा असतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मालक मेलेला, आणि सोयरीक बैलाशीच करायची! मार खाल्लेले बैल त्यांनी पाहिले होते. एक लेकरांनाही पाठीवर बसू द्यायचा. दुसऱ्यानं गड्याची बरगडी मोडली. दोघांची कातडी सारखीच थरथरायची.

श्यामरावाचा फोन आला. पसंत का?

"मले समजून नाही राहिलं."

"मंग त्याहिले काय सांगू?"

"सांग, कामिनीले घेऊन येतो म्हणावं. तिचं तिले पाहू दे."

श्यामराव हसला. पोरगी कधी पोराच्या कामावर पाहायला जाते का, तुमच्या घरी तर असं कधी झालं नाही, असं बरंच बोलला. मग म्हणाला, "अन् ती काय पाहीन तिथं?"

"ते मले कसं ठाऊक राहीन?" वासुदेवराव म्हणाले, आणि आलेल्या एसटीला हात केला.