साडूंनी सांगितलेले सिनेमे

आमच्या थोरल्या साडूंइतका भलतीकडूनच सिनेमा पाहणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. गंगाखेडला त्यांनी जन्मभर कापडाचं दुकान चालवलं. ते मुलावर सोपवून घरी बसले, तेव्हा मुलानं मोठा टीव्ही आणून दिला, आणि सकाळची लिंगपूजा आटोपली की साडू सिनेमा लावू लागले. दुपारी परभणीला मला फोन यायचा. सिनेमाचं नाव, नट, गोष्ट यातलं त्यांना काही सांगता यायचं नाही. पण राजाच्या दरबारातले पडदे नायलॉनचे होते, हे मात्र ते स्वतः हात लावून आल्यासारखं सांगत. एकदा भुताचा सिनेमा पाहून फार नाराज झाले. "भुताला पॉपलिन नेसवलंय वो पाव्हणे! मढ्यावरचं मांजरपाट असतं तर जरा तरी भ्यालो असतो." एका मारधाडीच्या सिनेमावर त्यांचा अभिप्राय होता, "दोन तास नुसते पळायलेत. एकानंबी भाकरीचा तुकडा मोडला न्हाई. माणसं हायेत का काय!"

मी हे घरात सगळ्यांना ऐकवून हसत असे. त्यांची नजर कापडावरच का जाते, हे मला गंगाखेडला गेलो तेव्हा समजलं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी पार गेली होती. टीव्हीसमोर दोघं शेजारी बसायची, अक्का विचारायच्या, "तिनं काय नेसलंय?" आणि साडू सांगायचे, अगदी काठापदरासकट.

त्या दिवशी कुठल्या तरी परदेशी भाषेतला सिनेमा होता. आम्हा तिघांनाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. नायिका दवाखान्यात खाटेवर पडली होती, नवरा उशाशी बसला होता. बघता बघता तिनं मान टाकली. साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अक्कांना म्हणाले, "सुटी झाली तिला. घरी निघालेत."

"मग तो रडायलाय कशाला?"

"खुशीनं. लय दिवसांनी घरी चाललीय न्हवं."

अक्कांनी नुसती मान हलवली. थोड्या वेळानं साडू दूध आणायला बाहेर पडले, तशी त्यांनी मला हाक मारली.

"पाव्हणे, मेली ना ती?"

मी दाराकडे पाहिलं.

"मला रडण्यावरून कळतं वो. वर्ष झालं, ह्यांच्या सिनेमात एक माणूस मरंना." त्या हसल्या, मग हसू ओसरलं. "मला कळतंय, हे त्यांना सांगू नका. कधीच. त्यांना वाटतंय, मी भीन."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

पुढं थंडीत अक्का गेल्या. माती देऊन आल्यावर साडू कुणाशी फारसं बोलले नाहीत. फोन थांबले. महिन्याभरानं मी भेटायला गेलो, तेव्हा ते आवाज बंद करून सिनेमा पाहत होते. पडद्यावर एक म्हातारा मेला, चार माणसांनी त्याला उचललं, नेलं. साडूंनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मी मुद्दामच विचारलं, "अण्णा, कापड कोणतं होतं?"

"ध्यान न्हाई गेलं," ते म्हणाले.

मग बराच वेळ रिमोट हातात फिरवत राहिले.

"पाव्हणे, मी तिला लय खोटं सांगितलं. तिला कळत असंल का वो?"

खरं सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. पण शब्द मी अक्कांना दिला होता.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "त्यांना सगळं खरंच वाटायचं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले. कपाटावर कपाट उघडल्याचा आवाज येत राहिला. अक्कांच्या पथ्यापायी कधीच मागं सारलेला साखरेचा डबा त्यांना सापडत नव्हता.