एकदाच दाखवायचं शूटिंग

भोरच्या एसटी स्टँडमागं इब्राहीमभाईचं फोटोचं दुकान. पण दुकानात माणूस सापडायचा नाही. लग्नसराईत भोर-वेल्ह्यातली वाडी न् वाडी त्यानं खांद्यावर कॅमेरा टाकून पालथी घातलेली. कुठल्या कार्यालयात प्लग कुठं, कुठली वायर जळकी, कुठल्या पाव्हण्याला कॅमेऱ्यात घुसायची हौस, सगळं पाठ. वीस वर्षांत एक गोष्ट मात्र त्यानं केली नव्हती. चालू शूटिंगमध्ये कॅमेरा खाली ठेवला नव्हता. एकदा मांडवात गांधीलमाश्या उठल्या, नवरदेव पळाला, हा जागचा हलला नाही. "अक्षता एकदाच पडत्यात ताई," म्हणायचा. "परत टाका म्हनता येत न्हाई."

२००७च्या जुलैत मी त्याला पासलीच्या वरच्या आमच्या वाडीत नेलं. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा. पावसाळाभर त्याला कमरेएवढं पाणी. पोरांची शाळा बंद, आजारी माणूस घरात. पुण्यातली एक देणगीदार संस्था त्या वर्षी एका वाडीला साकव बांधून देणार होती, माणसं जाण्यापुरता लोखंडी पूल. अर्ज तीन वाड्यांचे होते, आमच्या वाडीचा मी लिहिलेला. आमचा ओढा त्यांना डोळ्यांनी दिसावा, एवढ्यासाठी शूटिंग.

आम्ही काठावर उभे होतो आणि वरून झोळी आली. बांबूला घोंगडी बांधलेली, आत ठकुबाई. नववा महिना, पहाटेपासून कळा. पुढं तिचा नवरा गोरख, मागं दीर कुंडलिक. इब्राहीमनं कॅमेरा चालूच ठेवला. मधोमध आल्यावर गोरखचा पाय सटकला. तिथून पुढं शूटिंगमध्ये नुसतं आडवं गवत दिसतं आणि आवाज येतात. इब्राहीमनं कॅमेरा गवतात टाकला होता आणि पाण्यात उतरून बांबू धरला होता.

ठकुबाई वाचली. मूल नाही वाचलं.

शूटिंग दाखवू का, हे विचारायला महिनाभरानं आम्ही तिच्या ओट्यावर बसलो. गोरख उठूनच गेला. "माझ्या बायकूचं कन्हणं लोकांस्नी दावायचं? लग्नाची क्यासेट हाय का ती?" आतून ठकुबाईच बोलली, "दावा. पर एकडाव. त्या पुलवाल्यांस्नी दावायचं आन् पुसून टाकायचं."

इब्राहीमनं शब्द दिला. दाखवण्यापुरतं आपल्या लॅपटॉपवर उतरवलं, त्याशिवाय प्रत काढली नाही, कॅसेटसुद्धा खिशात घेऊन फिरत होता.

संस्थेची बैठक वेल्ह्याच्या एका मंगल कार्यालयात होती. दर वाडीला बारा मिनिटं. "पेनड्राइव्ह आणा, लॅपटॉप आमचा आहे," असा निरोप होता. स्लाईड मी बनवल्या होत्या. सातवी शिकलेली बाई कॉम्प्युटर चालवते याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? पाच स्लाईड, सहाव्यात शूटिंग. इब्राहीमच्या लॅपटॉपवर झकास चाललं होतं. मी ती स्लाईडची फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि गाठ मारून पदरात ठेवली.

बैठकीत सहावी स्लाईड आली. मधोमध एक चौकोन, बटण दाबलं तरी ढिम्म. मी परत दाबलं. पाच वेळा दाबलं. मागून दुसऱ्या वाडीचा गेनबा म्हणाला, "ताई, वढा आटला वाटतं." सगळं कार्यालय हसलं.

मी इब्राहीमवर ओरडले, "काय करून ठेवलंस रे हे?"

त्यानं पेनड्राइव्ह उघडून बघितला. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, ह्यात शूटिंगच न्हाई. स्लाइडीत पिक्चर नसतं. पिक्चर कुठं ठिवलंय त्येचा पत्ता असतो. पत्ता आनलाय तुमी, घर तितंच ऱ्हायलं."

घर त्याच्या लॅपटॉपात होतं. लॅपटॉप बाहेर त्याच्या पिशवीत होता, पुण्यातून जुना घेतलेला. त्यानं पळत जाऊन आणला. बॅटरी मेलेली, वायर लावल्याशिवाय पाच मिनिटंसुद्धा टिकत नसे. कार्यालयातला धड प्लग त्याला माहीत होता. वायर लावली, प्रोजेक्टरची पिन जोडली. चार मिनिटं उरली होती. शूटिंग तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. दिवे घालवले.

आणि भिंतीवर काळा चौकोन.

आवाज मात्र सगळा आला. ओढ्याचा घोंगाट. कुंडलिकचं "धर, धर!" आणि त्यावर ठकुबाईचं ओरडणं. अंधारात तीन वाड्यांची माणसं बसलेली, समोर काळी भिंत, आणि बाई विव्हळतेय. गोरख दुसऱ्या रांगेत होता. त्यानं दोन्ही कानांवर पंजे दाबले. आता कुणी हसत नव्हतं, ते तर जास्तच वाईट. मी किल्ल्या बडवत होते. इब्राहीमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर शूटिंग सरळ चाललेलं, पाणी, झोळी, सगळं. भिंतीवर काही नाही.

"वेळ संपली," पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. संस्थेच्या प्रमुख त्याच.

मग माझी जीभ सुटली. एसीत बसून पूल वाटता, बारा मिनिटांत माणसं मोजता, असलं बरंच. बाईंनी शांतपणे पुढच्या वाडीचं नाव पुकारलं. मी आमच्याच पायावर धोंडा टाकून घेतला होता.

इब्राहीम लॅपटॉप उचलून बाहेर गेला. त्याची भाची अम्रीन भोरला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. रेंज फक्त चिंचेखाली. मी मागून पोचले तेव्हा तो फोनवर होता आणि पलीकडून तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मामू, दोन्हीकडं एकदम दाखवत होता ना? जुन्या मशीनचं पिक्चर एकाच पडद्यावर जातं. लॅपटॉपचा पडदा बंद करून नुसतं भिंतीवर सोडायचं होतं."

"एक बटन व्हय गं?"

"एकच."

त्यानं फोन बंद केला. चिंचेला टेकून खाली बसला. "ताई, शबूद दिलता. यकदाच दावायचं हुतं, त्ये बी वाया घालवलं म्या." मला म्हणायचं होतं की मी घालवलं.

तेवढ्यात गोरख येऊन उभा राहिला. मला वाटलं आता मारतो.

"परत लाव," तो म्हणाला.

"गोरखदादा, यकडाव म्हनल्या व्हत्या वैनी."

"यकडावच. पर बगितलं कुनी? ऐकलं नुसतं."

कार्यालयात जेवणं चालू झाली होती. संस्थेची माणसं ताटावर बसली नाहीत, पुण्याला पोचायचं म्हणून गाडीकडं निघाली. इब्राहीमनं ओसरीतल्या प्लगला लॅपटॉप लावून शूटिंग पहिल्या चित्रावर थांबवून ठेवलं. बाई गाडीपाशी पोचल्या तशी वायर उपसली आणि धावला. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला.

"बाई, तीन मिनटं चाळीस शेकंद. बॅटरी तेवढीच हाय, न्हाई म्हनायला बी टाईम न्हाई."

बाई काही बोलायच्या आत ओढा सुरू झाला.

मी पडद्याकडं बघितलं नाही, कोपऱ्यातल्या बॅटरीच्या खुणेकडं बघत होते. ती लाल झाली. झोळी मधोमध आली. गोरखचा पाय सटकला. चित्र फिरलं, आकाश, मग गवत, ओलं आडवं गवत, आणि आवाज. बाई वाकल्या. "बंद पडलं का?"

"न्हाई. चालू हाय. म्या ठिवला कॅमेरा."

"का?"

"मानूस कमी पडत हुता."

तेवढ्यात पडदा विझला. बाईंनी विचारलं, "बाळंतीण?"

"हाय," गोरख म्हणाला. त्यानं विझलेला पडदा मिटला. बाई म्हणाल्या, "याची सीडी द्या. मुंबईच्या विश्वस्तांना दाखवल्याशिवाय मंजुरी अवघड आहे."

"देतो की!" मी म्हणाले.

"न्हाई," इब्राहीम म्हणाला.

"अरे, साकव जाईल!" मी त्याचा दंडच धरला.

"जाऊ द्या. यकदाच ठरलंय, यकदाच दावलं." मग बाईंकडं वळला. "वढा हाय जाग्यावर. त्यो किती बी डाव बघा. इसवस्तांस्नी बी आना."

बाईंनी घड्याळ बघितलं, मग स्वतःच्या चपला बघितल्या. ड्रायव्हर दार धरून उभा होता. "गाडी कुठपर्यंत जाते?"

"पासलीपातूर," गोरख म्हणाला. "तितनं पायी. म्या म्होरं चालतो."

साकव मिळेल का नाही, हे त्या दुपारी आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी निघायच्या आधी इब्राहीम परत ओसरीत गेला, वायर लावली, मशीन चालू व्हायची वाट बघत उभा राहिला. गोरखला जवळ बोलावून त्याच्यासमोर शूटिंग पुसलं. मग खिशातली कॅसेट काढून त्याच्या हातावर ठेवली.