एका चालीची मुदत

खिळेमास्तर सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. काम करताना मूठभर बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवत हातोडीखाली द्यायचे. तोंड दिवसभर असं भरलेलं, त्यामुळे बोलायची सवयच मोडली होती. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ते नुसतं ‘हं’ म्हणायचे, आणि एवढ्यावर त्यांचा धंदा आणि संसार दोन्ही सुरळीत चालले होते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या भावाशीही बोलणं नसल्यासारखंच. भांडण नव्हतं, पण दोघांचा काय तो व्यवहार फोनवरच्या बुद्धिबळातून चालायचा. सकाळी चहाच्या आधी दादाची चाल यायची, दुकान उघडण्याआधी मास्तरांची जायची. चाल आली म्हणजे माणूस धडधाकट आहे, मग आणखी विचारपूस कशाला?

मात्र लहानपणापासून आजवर मास्तर दादाशी एकही डाव जिंकले नव्हते. आता तर दर वेळी फोनवर लाल अक्षरांत ‘तुम्ही हरलात’ उमटायचं आणि एक रडका सूर वाजायचा. जिंकणाऱ्याला हिरवी अक्षरं दिसतात आणि तुतारी वाजते, हे दादाने त्यांना कितीदा तरी ऐकवलं होतं, कुणी विचारलेलं नसताना.

आणि मग एका सकाळी दादाने चक्क वजीर घालवला! पुढच्या काही दिवसांत त्याचा राजा कोपऱ्यात सापडला. आता दादाने काहीही केलं तरी त्याच्या चालीनंतर मास्तरांच्या पुढच्याच चालीला मात ठरलेली होती. मास्तर त्या दिवशी दुकानात शीळ घालायला गेले आणि खिळे गिळता गिळता वाचले.

नेमक्या त्याच दिवशी खेळ उघडताच पाटी झळकली: महिनाअखेरीनंतर हा खेळ या फोनवर चालणार नाही, फोन अपडेट करा. मास्तरांनी अपडेटचं बटण दाबलं. फोन म्हणाला, तुमचा फोन अगदी अद्ययावत आहे. त्यांनी पुन्हा खेळ उघडला, तर फोन जुना झाल्याची तीच पाटी. एकाच खिशात बसून दोघांची दोन तोंडं.

ते मोबाईलवाल्याकडे गेले. त्याने फोन उलटापालटा करून पाहिला.

“काका, फोनला काही झालेलं नाही.”

“मग?”

“कंपनीने याला अपडेट पाठवायचं थांबवलंय. काही वर्षं पाठवतात, मग सोडून देतात. पुढेमागे सिमवालेही म्हणतील, हा आमच्या नेटवर्कवर चालत नाही. त्यांच्या लेखी हा गेला.”

“गेला? माझ्या हातात आहे ना!”

“नवीन घ्या.”

“त्यात हा डाव येईल?”

“डाव याच फोनमध्ये आहे. नवीन फोनवर नव्याने मांडायचा.”

मास्तरांचं डोकं फिरलं. सांगाडा शाबूत, कापड शाबूत, तरी सोफा फेकून द्या असं त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. पण आता वाद घालायला वेळ नव्हता. दादाची एक चाल यायला हवी होती, बस्स. म्हणून त्यांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. दादाला निरोप धाडला, ‘माझ्या फोनवर महिनाअखेरीला खेळ बंद होतोय. लवकर खेळ.’

झालं! त्या दिवसापासून दादा थंडावला. चहा झाला, दुकान उघडलं, बंद झालं, चाल नाही. विचारलं तर उत्तर एकच, ‘विचार करतोय.’

“एकच घर सरकणारा राजा, त्याला कसला विचार करायचाय?” मास्तर जेवताना गरजले. खिळे नसलेल्या तोंडातून एवढं वाक्य आलेलं पाहून बायको वाढायची थांबली.

“अहो, साध्या पटावर मांडून घ्या की तसाच डाव. बंद होईना का फोन!”

“पटावर तुतारी वाजते?”

बायकोने कपाळावर हात मारला.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि बस पकडून थेट दादाचं घर गाठलं. दार वहिनीने उघडलं.

“भावजी! किती वर्षांनी!” ती म्हणाली. “बघा बाई तुम्हीच. सकाळपासून फोन उघडून बसलेत. दाबत काही नाहीत.”

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. डावात तीच चाल अडलेली.

“रडीचा डाव खेळतोयस तू!” मास्तर उंबऱ्यातूनच ओरडले.

“बरं बाबा, हरलो मी,” दादा म्हणाला.

हे शब्द ऐकण्यासाठी मास्तरांनी अख्खा जन्म वाट पाहिली होती. तरी ते म्हणाले, “तोंडाने नको. फोनवर हर!”

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मी चाल केली की संपलंच ना रे. तुझा खेळ बंद. तू कसला नवीन फोन घेतोस, तुझा स्वभाव मला माहीत नाही? आणि बोलायला तर तुला येतच नाही. मग उद्यापासून सकाळी मी कशाची वाट बघू?”

मास्तर चपला काढून आत आले आणि खिशातून आपला फोन काढून दादासमोर उभे राहिले.

दादाने राजा सरकवला. मास्तरांनी हत्ती नेऊन ठेवला. हिरवी अक्षरं आली, तुतारी वाजली. ती इतकी किरकिरी निघाली की वहिनी आतून म्हणाली, “कुकर बिघडला की काय?”

“झालं समाधान?” दादाने तोंड खिडकीकडे फिरवलं. “जा आता. दुकान बंद असेल तुझं.”

मास्तर गेले नाहीत. ते खाली वाकले, दादाच्या खुर्चीच्या बुडाखाली हात घालून पट्टे चाचपले.

“हिचे पट्टे पार सैल झालेत. बसतोस तरी कसा? उद्या सकाळी हत्यारं घेऊन येतो.”

“दुकानात ने की.”

“नाही. हिचं काम इथेच करावं लागेल.”

“किती दिवस?”

“काही सांगता येत नाही. रोज सकाळी थोडं थोडं करावं लागेल.”

काम जेमतेम एका दुपारचं होतं.