रानझुंज दोन, धुऱ्याधुऱ्यानं

आधीच सांगून ठेवतो, वीरेंद्रवर हसायचं असेल तर माझ्या दुकानात येऊ नका. हसायचा हक्क माझा एकट्याचा. तो माझा लंगोटीयार, आणि त्याचे व्हिडिओ माझ्याच किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत तयार होतात. आमच्या बिरसी गावात इंटरनेट धड चालतं ते तेवढ्याच एका कोपऱ्यात. आवाजाचं मात्र विचारू नका. इथल्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालून राहतात. एकाने व्हिडिओखाली लिहिलं, 'भाऊ, मागं विमानाचा आवाज काय झकास टाकला!' वीरेंद्रने त्याला धन्यवाद दिले. असा माणूस.

काम शेतीचं, नाद गेमचा. सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी सोडायचं, निंदण काढायचं आणि दुपारी माझ्या खोलीत बसून गेम खेळायचा. मग तो चांगला का भंगार, हे आपल्या झाडीबोलीत जगाला सांगायचं. 'रानझुंज' नावाचा गेम आला होता, जंगल, वाघ, बंदुका, खजिना असा सगळा मसाला. वीरेंद्र त्यावर बोलला, "असा गेम हाय का बाप्पा, पोटात भूक हाय का नाही तेच समजत नाही!" लोकांना ते इतकं आवडलं की दुसरा भाग निघाला तेव्हा कंपनीने तो त्याला बाकीच्यांच्या आधी पाठवला. आठवडाभर हा जमिनीवर नव्हता.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. वीरेंद्रचे बाबूजी म्हणजे आमचे भैयाजी काका. गुडघे गेले, आता शेती होत नाही. वीरेंद्र म्हणाला, "बाबूजी, मी करतो." तर काका म्हणाले, "तू? धुऱ्यावर बसून मोबाईल पाहतेस तू. तुह्यात शेतकरी नाही." आणि अक्षय तृतीयेपासून सगळी जमीन गावातल्या मुन्नालालला ठेक्याने द्यायचं त्यांनी ठरवून टाकलं. सुलोचना काकूंनी दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला, पण काका म्हणजे काका. वीरेंद्र माझ्याजवळ येऊन रडला. खरंच रडला. "उमेंद्र, जमीन गेली तं मी कोन गा?" मी त्याला चहा पाजला.

अशात 'रानझुंज दोन' बाजारात आला आणि सगळीकडे त्याचा उदोउदो झाला. पुण्यामुंबईचे परीक्षक म्हणाले, वाऱ्यासारखा पळतो हा गेम, श्वास घ्यायला फुरसत नाही. कोणी दहापैकी नऊ दिले, कोणी साडेनऊ. वीरेंद्रने दिले चार.

"गेम हाय का पायदळ यात्रा?" तो व्हिडिओत तणतणला. "हिरो नुसता चालूनच राहिला. एवढा लंबा चक्कर! तिथवर पोचते तं दुश्मन बंदुकीची गोरी घालते. मांगून वाघ येते. पहिला भाग कसा होता, अन् हे का करून ठेवलं?"

मीही मान डोलावली. वीरेंद्र म्हणतो म्हणजे असेल.

संध्याकाळपर्यंत लोकांनी त्याला फाडून खाल्लं. कोणीतरी लिहिलं, 'अरे शहाण्या, शेतातून सरळ पळायचं ना! शत्रूचा तळ समोरच आहे!' मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि डोक्याला हात लावला. गेमात जिकडेतिकडे धानाच्या बांध्या, आणि आमचा हा बहाद्दर पूर्ण गेम धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधाबांधावरूनच, खेळला होता! गोळ्या सुटून राहिल्या, वाघ मागे लागला, तरी हिरो एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर, कोपऱ्यावर नीट वळून, पंगतीत वाढायला निघाल्यासारखा.

"काऊन रे?" मी ओरडलो. "धानातून काऊन नाही गेला?"

तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जसं मला वेड लागलं. "लोंब्या निंगाल्या होत्या ना धानाले," तो म्हणाला. "मोडला असता."

आणि या येड्याने तेच उत्तर खाली लिहून टाकलं! मग काय, उभा महाराष्ट्र हसला. चित्रं बनवून त्याच्या हिरोला कोणी घोंगडं पांघरलं, कोणी हाती फावडं दिलं. वीरेंद्रने माझ्या खोलीत येणं सोडलं. "चॅनेल बंद करतो," म्हणाला. "शेतकरी नाही, समीक्षकही नाही. कायले जगाले तोंड दाखवू?" मला त्या हसणाऱ्यांची एवढी चीड आली की सकाळी पहिल्याच गिऱ्हाईकावर खेकसलो.

ते गिऱ्हाईक मुन्नालाल होता. मागून काठी टेकत भैयाजी काका. ठेक्याची बोलणी पक्की करायला माझ्याच बाकावर बसले. मुन्नालालला वाटलं, जाता जाता शेवटचा खिळा ठोकावा. मोबाईल काढून म्हणाला, "पाहा काकाजी, तुमच्या पोट्ट्यावर दुनिया हसून राहिली."

काकांनी चष्मा लावला. मी मनात म्हटलं, झालं, आता या म्हाताऱ्याच्या शिव्या उभं गाव ऐकणार. काका पाहत राहिले. हिरो धुऱ्यावर, गोळ्या डोक्यावरून. मोठ्या बांधीपाशी वाघाने झडप घातली, हिरो मेला. पुन्हा उठला, पुन्हा धुऱ्यावरूनच चालला.

"हे धान कोनाचं होय?" काकांनी विचारलं.

"कोनाचंच नाही काकाजी! खोटं हाय, चित्रातलं!"

"तू असता तं?"

मुन्नालाल खदाखदा हसला. "मी? धानातूनच घुसलो असतो आडवा! मले का कोन्या वैदानं सांगतलं, एवढा चक्कर मारा म्हणून?"

काकांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि काठी उचलली. "मंग तुले नाही देत," ते म्हणाले.

"काय?"

"जमीन."

मुन्नालाल माझ्याकडे पाहायला लागला. मी चहापत्तीचे पुडे मोजायला घेतले, हसू दिसू नये म्हणून.

काका तडक घरी. मी दुकान उघडं टाकून मागे पळालो. वीरेंद्र अंगणात खाटेवर तोंड पाडून बसला होता. काका त्याच्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, आता म्हातारा पोराला गळ्याशी लावतो. माझेच डोळे भरून आले.

"सकारी बांधीत पानी सोडाले जाजो," काका म्हणाले. "आता तुलेच पाहा लागते सगळं."

वीरेंद्र ताडकन खाटेवरून उठला. काका दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"अन् त्या मोठ्या बांधीपाशी वाघ येते ना, तिथं उजव्या धुऱ्यानं जात जा. डावा अरुंद हाय, म्हणून मरतेस."