डाव्या हातचं पाणी

कुमासी शहरातल्या सुआमेच्या गॅरेजगल्लीत पोकुआला ओळखत नाही असा फिटर शोधून सापडायचा नाही. दिवसभर ती समुद्रापलीकडच्या एका कंपनीसाठी घरी बसून सॉफ्टवेअर लिहायची आणि ते काम संपलं की ग्यिमा मामाच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये भंगारातून यंत्रमानव जोडत बसायची. "अगं, एवढी इंजिनियर तू, हे ग्रीस कशाला फासून घेतेस?" असं कुणी विचारलं, की तिचं उत्तर तयार असे.

"नोकरीत मी बटणं बनवते, काका. ती दाबून कोण हसलं, कोण चिडलं, मला काय दिसतंय? तिथे चूक झाली की बैठकांवर बैठका, आणि शेवटी 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढं टाकून सगळे मोकळे. इथे चूक झाली की ती माझ्या पायावर पडते!"

शेडमध्ये तिला आणखी एक सुख होतं, ते मात्र ती कुणाला सांगत नसे. पोकुआ डावखुरी होती. कुमासीत डाव्या हाताने काही देणं म्हणजे समोरच्याचा अपमानच. लहानपणी तिचा डावा हात पुढे आला रे आला की बोआतेमा मावशी त्यावर चापट ठेवून द्यायची. पोकुआने उजव्या हाताची सवय लावून घेतली, पण ती चारचौघांपुरतीच. शेडचं दार लावलं की डावा हात मोकळा.

आता तीच शेड जायची वेळ आली होती. जागा सगळ्या कुटुंबाची, आणि मावशीला तिथे मुलासाठी टायरचं दुकान काढायचं होतं. रविवारी चर्चनंतर सगळं गोत अंगणात जमणार आणि कुटुंबप्रमुख नाना ओसेई निकाल देणार, असं ठरलं.

"तुझं भंगार काय कामाचं ते दाखव एकदा सगळ्यांना," मामा म्हणाला. "मी एकटा किती भांडू?"

पाहुणा आला की आधी पाणी, मग 'काय येणं केलंत?' हे तर घरोघरचं. पोकुआने ठरवलं, रविवारचं पाणी आपला यंत्रमानव देईल. बाबागाडीची चाकं, वायपरच्या मोटारींवर चालणारे दोन हात, आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा. त्याला शिकवायची रीतही सोपी होती: तिने त्याच्यासमोर पेला उचलून दाखवला, दिला, घेतला, पुन्हा दिला. तो बघून बघून शिकला. पोकुआ खूश. तिला वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ!

रविवारी यंत्रमानव घरंगळत नानांपुढे आला, अदबीने वाकला आणि त्याने पेला पुढे केला. डाव्या हाताने.

नाना मोठ्या मनाचे, त्यांनी तरीही उजवा हात पुढे केला. पण हा पठ्ठ्या पेला सोडीना! घेणारा हात डावाच असतो, एवढंच तो बघत आला होता. नानांनी ओढलं, यानेही धरून ठेवलं, आणि पाणी नानांच्या नव्या कोऱ्या वस्त्रावर सांडलं.

"घ्या! हात दाखवून अवलक्षण!" मावशी कडाडली. "कोंडून घेऊन हेच चालतं हिचं!"

पोकुआला धरणी दुभंगावी असं झालं. आई कानाशी आली. "अगं, 'डाव्या हाताची माफी असावी' म्हणतो ना आपण? तेवढं त्याला बोलायला लाव. भागेल."

भागलं असतं. एका ओळीचं काम होतं. पोकुआने लॅपटॉप उघडलाही, पण तिची बोटं थांबली. नोकरीत ती हेच करत आली होती: चूक तशीच, वर क्षमस्वची एक ओळ.

"नको, आई. त्याचा उजवा हात धडधाकट आहे. त्याने कशाला माफी मागायची?" ती उठून नानांसमोर गेली. "नाना, तो माझं बघून शिकलाय. शेडमध्ये मी डाव्या हाताने काम करते. बिचाऱ्याने माझ्याशिवाय माणूसच पाहिलेलं नाही. जेवणं होईपर्यंत वेळ द्या. आणि तुम्ही सगळ्यांनी मला वळण लावलंत ना, तसं यालाही लावा."

नानांनी ओलं वस्त्र झटकलं. "लावू या," ते म्हणाले.

मग काय विचारता! आजीबायांनी यंत्रमानवाला घेरलं. पेले या हातातून त्या हातात फिरू लागले. एक म्हणे, "उजवा रे, माझ्या राजा, उजवा!" दुसरी म्हणे, "अगं, सावकाश दाखव, लेकरू नवीन आहे!" ज्यांना लॅपटॉप कुठून उघडतो ते ठाऊक नव्हतं, त्या हिरिरीने सॉफ्टवेअर घडवत होत्या. पोकुआला आयुष्यात असलं ऑफिस मिळालं नव्हतं.

जेवणं झाली, फुफूच्या गोळ्यांची भांडी उचलली गेली आणि यंत्रमानव पुन्हा नानांपुढे गेला. वाकला. त्याचा उजवा हात वर आला, अर्ध्यात थबकला, आणि पेला हळूच पुढे झाला. नानांनी उजव्या हाताने धरताच त्याने अलगद सोडला. नाना घटाघट पाणी प्यायले. टाळ्या, आरोळ्या, मामा तर नाचायलाच लागला.

मावशी उजव्या हातात फोन धरून हे सगळं टिपत होती. "आण, मलाही दे," म्हणत तिने दुसरा हात पुढे केला.

यंत्रमानव ढिम्म. तिने पेला ओढला. तो सोडीना.

"बोआतेमा," नाना म्हणाले, "फोन ठेव आणि नीट माग."

हसून हसून लोकांची पोटं दुखली. मावशीने खाली बघितलं, आपला हात कुठला ते पाहिलं आणि मुकाट्याने तो बदलला. पाणी लगेच मिळालं. "मेल्या," ती पेला उंचावत म्हणाली, "माझी शिकवण मलाच शिकवतोस?" आणि तीही हसत सुटली.

"टायरसाठी दुसरी जागा बघू," नाना उठत म्हणाले. "शेड पोकुआची." मग त्यांनी तिला जवळ बोलावलं. "अंगणात उजवा हात. शेडमध्ये तुला हवा तो. तिथे तुला कुणी काही बोलणार नाही."

पोकुआने तिथेच, सगळ्या गोतासमोर, डाव्या हाताने डोळे पुसले.