उताऱ्याबाहेरचं

माझी थोरली मुलगी रक्त तपासते. कोणी विचारलं की मी असंच सांगते, कारण 'लॅबमध्ये टेक्निशियन' म्हटलं की निम्मे लोक आपला बिघडलेला फोन पुढे करतात. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत ती अकरा वर्षं काम करते आहे. घरात चहाचा कप हातात घेतला तरी आधी उजेडाकडे धरून बघायची तिला सवय आहे. तिचे बाबा म्हणतात, "पी बाई, जंतू नाहीत त्यात. साखरही नाही, तुझ्या आईच्या कृपेने."

वय चौतीस. लग्न केलं नाही. का नाही, ते मला विचारू नका, मलाही तिने सांगितलेलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे वरच्या मजल्यावरचा जंतूंचा विभाग. तिथे दिवसभर सूक्ष्मदर्शकाशी बसून काम असतं, आणि तिथल्या माणसाने अहवालावर लिहिलेलं मत डॉक्टर वाचतात. खालच्या खोलीत मत विचारत नाहीत. यंत्र आकडा देतं, टेक्निशियन तो पुढे पाठवते.

वर जायचं तर पदव्युत्तर पदवी हवी, आणि तिच्यासाठी प्रवेश परीक्षा. नोकरीत असलेल्यांना काही जागा राखीव आहेत. वय पस्तिशीच्या आत हवं, वरिष्ठांचं शिफारसपत्र हवं, आणि तीनच प्रयत्न. दोन प्रयत्न झाले होते; विषयाच्या पेपरात ती दोन्ही वेळा पहिल्या विसांत होती. इंग्रजीत किमान चाळीस गुण लागतात. पहिल्यांदा एकतीस मिळाले, दुसऱ्यांदा अडतीस.

अडतीस कळले त्या दिवशी ती घरी आली, हातपाय धुतले, जेवली, आणि म्हणाली, "आई, आता तू शिकव."

मी बी. ए. आहे. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात तीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली. तेव्हा शिकवणं काही अवघड जाऊ नये, असं मला वाटलं.

तिने हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यांचे तुकडे कापून त्यांवर शब्द लिहिले होते. एका बाजूला शब्द आणि मागे अर्थ, पण शब्दकोशातला नाही. 'रिलक्टंट' च्या मागे लिहिलं होतं, 'बाबा, भाजी आणायला सांगितल्यावर.' 'कॅन्टँकरस' म्हणजे भांडखोर, त्याच्या मागे फक्त 'आत्या.' ह्यांनी तो तुकडा उचलून वाचला आणि म्हणाले, "अर्थ माहीत नाही, पण बरोबर असणार."

असे सहाशे तुकडे तिला पाठ होते. म्हणजे अडचण शब्दांची नव्हती. मग गुण जात कुठे होते? सकाळी सहा ते साडेसात आम्ही जेवणाच्या टेबलावर बसायचो. आठवडाभर मी नुसती तिची उत्तरं तपासत राहिले, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. व्हेल माशांवरचा उतारा दिला की तिला दहापैकी नऊ. पूल कसे बांधतात, त्यावर दिला तर दहापैकी दहा. आणि ताप, रक्त, पाणी, जंतू यांवरचा उतारा दिला की चार. जे तिला सगळ्यात जास्त कळत होतं, तिथेच ती आपटत होती.

"लेखकाच्या मते थकव्याचं मुख्य कारण कोणतं?" मी विचारलं.

"लोह कमी असणं."

"कुठे लिहिलंय? लेखक म्हणतो, अपुरी झोप."

"मग लेखकाचं चुकलंय. आमच्याकडे थकव्याच्या तक्रारीवर रोज तीस नमुने येतात, आई. त्यातले वीस तरी..."

"तुझे तीस नमुने परीक्षकाने बघितलेत का?"

"त्या लेखकाचंच रक्त तपासायला पाहिजे एकदा," ती पुटपुटली.

मी हसले नाही, माझ्या डोक्यात ते अडतीस होते. तिला म्हटलं, "हे बघ, उतारा हातात आला की तुला जे माहीत आहे ते बाजूला ठेवायचं. कागदावर जे नाही, ते जगात नाही. विचारलंय तेवढंच, लिहिलंय तेवढ्यावरूनच."

पहिले काही दिवस तिला ते जमेना. पेन उचलायची, थांबायची, ओठ चावायची. मी टेबलावर बोट वाजवायचे. "बाहेरचं आणू नकोस." मग हळूहळू जमायला लागलं. चाराचे सहा झाले, सहाचे आठ. दोन महिन्यांनी सराव परीक्षेत तिला इंग्रजीत सदुसष्ट मिळाले. ह्यांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. शिफारसपत्राचा अर्ज तिने सरांकडे, म्हणजे तिच्या विभागप्रमुखांकडे दिला. परीक्षेचा फॉर्म भरायला तीन आठवडे होते.

त्यानंतरच्या मंगळवारी ते घडलं.

तिने जसं सांगितलं तसंच लिहिते. रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक रसायन असतं, आणि त्या रसायनात पोटॅशियम असतं, शिवाय ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. लाल टोपणाची नळी पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे मोजायला. गर्दीच्या वेळी कधीकधी असं होतं की लाल नळीत रक्त कमी पडतं, आणि वॉर्डातलं कोणीतरी जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओततं, पुन्हा सुई टोचायला नको म्हणून. त्यात हेतू वाईट नसतो. पण मग यंत्र पोटॅशियम भलतंच जास्त दाखवतं आणि कॅल्शियम भलतंच कमी. हे दोन आकडे असे जोडीने दिसले की जुना टेक्निशियन अहवाल थांबवतो, वॉर्डात फोन करतो, दुसरा नमुना मागवतो. हे यंत्राच्या पुस्तकात नाही, काम करता करता कळतं. थोरलीला ते पहिल्याच वर्षी शिकवलं होतं वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी. त्या निवृत्तीला आल्या आहेत, आणि हिला अजून 'ए पोरी' म्हणतात.

त्या मंगळवारी दुसरा टेक्निशियन रजेवर होता. दोनशेच्या वर नळ्या होत्या. एका शिंप्याची बायको दोन दिवसांच्या उलट्या घेऊन दाखल झाली होती. तिचा आकडा आला. पोटॅशियम खूप जास्त, कॅल्शियम खूप कमी. थोरलीने पडद्यावर दोन्ही बघितलं, बटण दाबलं, आणि अहवाल वर गेला.

वरच्या डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायचं औषध सुरू केलं. खरं तर उलट्यांमुळे बाईचं पोटॅशियम आधीच कमी झालं होतं, ते आणखी उतरलं. दुपारी दुसरा नमुना आला तेव्हा ते कळलं. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. असेलही.

थोरली घरी येऊन पलंगाच्या कडेला बसली. "दोन्ही आकडे दिसले होते मला, आई. दिसले, आणि मी पुढे गेले."

दोन महिने रोज सकाळी दीड तास मी तिला तेच शिकवत होते. जे माहीत आहे ते बाजूला ठेव, समोर आहे तेवढंच घे. हे मी तिला बोलून दाखवलं तर ती वैतागली. "काहीतरीच! दोनशे नळ्या होत्या, घाई होती, संपलं. तुझ्या उताऱ्यांचा काय संबंध?" मलाही तसंच वाटलं तर बरं होईल.

शनिवारी सरांनी तिला बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद दिला. चौकशीसाठी तिचं निवेदन त्यांनीच तयार करून ठेवलं होतं, इंग्रजीत. खाली तिच्या सहीची जागा. "सोमवारी सही करून आण," ते म्हणाले. "तुझं शिफारसपत्र तयार आहे, दोन्ही एकदमच पुढे पाठवू."

एरवी तिने वाचलंच नसतं. अकरा वर्षं इंग्रजी कागद आला की ती विचारायची, "सही कुठे?" या वेळी ती तो घरी घेऊन आली, टेबलावर ठेवला, आणि उतारा वाचतो तसा वाचला. पेन्सिलीने एकेका वाक्याखाली रेघ ओढत.

मीही वाचला. पाच वाक्यं होती. नमुना वॉर्डातून आला. नळी वॉर्डच्या कर्मचाऱ्यांनी भरली होती. नळीत दुसऱ्या नळीतलं रक्त मिसळलं गेल्याचं नंतर आढळलं. यंत्र व्यवस्थित चालू होतं. यंत्राने दाखवलेला आकडा जसाच्या तसा कळवण्यात आला. फार सफाईने लिहिलं होतं. मला कळतं, अशी पत्रं लिहिण्यात माझी हयात गेली आहे. दावा नाकारायचा असला की आम्ही खोटं कधीच लिहीत नसू. खरीच वाक्यं निवडायचो.

"यात चुकीचं काय आहे?" मी म्हटलं. "सगळं खरं आहे."

"हो. एकही वाक्य खोटं नाही."

"मग कर सही."

"आई, हा उतारा वाचून प्रश्न विचारला की दोष कोणाचा, तर उत्तर एकच येतं. सिस्टरांचा. नळी त्यांच्या हाताने भरली होती."

"भरलीच होती ना? ओतलं त्यांनी की तू?"

"त्यांनी ओतलं, घाईत, माहीत असूनही. आणि ते पकडायचं काम माझं होतं. कॅल्शियमचा आकडा कुठे आहे यात?"

"तुला कोणी विचारलाय का?"

हे वाक्य मी बोलले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, परत वर धरलं.

तिने शेवटच्या वाक्याखालची रेघ पुन्हा गिरवली. मग म्हणाली, "परीक्षेत ठीक आहे गं. तिथे कोणी मेलेलं नसतं."

मी तिला सगळं समजावलं. हा तिसरा प्रयत्न, पुढच्या वर्षी पस्तीस पूर्ण. सिस्टर चार महिन्यांनी निवृत्त होणार, त्यांचं काय व्हायचं ते होऊन जाईल, तुझी अजून पंचवीस वर्षं आहेत. तू सही केलीस म्हणून ती बाई परत येणार नाही आणि नाही केलीस म्हणूनही येणार नाही. मी जे म्हटलं त्यात काही खोटं नव्हतं. मी पुन्हा खरी वाक्यं निवडत होते, इतकंच.

रविवारी तिने आपलं निवेदन लिहिलं, इंग्रजीत, स्वतःच्या हाताने. आधीची पाच वाक्यं तशीच ठेवली आणि पुढे तीन घातली. कॅल्शियमही कमी होतं. मी ते पाहिलं होतं. मी अहवाल थांबवला नाही. कागद तिने माझ्यापुढे सरकवला. "व्याकरण बघ. मजकुराला हात लावू नकोस." दोन ठिकाणी क्रियापदाचं रूप चुकलं होतं, ते मी सुधारलं. माझा हात त्या तीन वाक्यांवर थोडा रेंगाळला, ते तिने बघितलं.

सोमवारी सरांनी तो वाचून खाली ठेवला. "हुशार आहेस असं वाटलं होतं," एवढंच म्हणाले. शिफारसपत्राचं मग कोणी नाव काढलं नाही.

फॉर्म भरायची मुदत संपायला दोन दिवस उरले, तेव्हा मी तिला न सांगता सरांना भेटायला गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "ताई, माझ्यावरही वरून दबाव आहे. विभागाची चूक झाली असं लेखी गेलं तर यंत्रापासून माणसांपर्यंत सगळं उघडतात. पहिला कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, आणा तिच्याकडून." ड्रॉवर उघडून त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये ठेवला. ठेवायला नको होता. घरी येईपर्यंत तीनदा चेन उघडून बघितला.

तिच्या हातात मी तो दिला नाही. धीर झाला नाही. शेवटच्या दिवशी तिने संगणकावर फॉर्म पूर्ण भरून ठेवला होता. शिफारसपत्र जोडायची तेवढी एक चौकट रिकामी होती. संध्याकाळी पाचला ते पान बंद झालं.

चौकशीत सिस्टरांना लेखी ताकीद मिळाली आणि थोरलीलाही. आता तिला यंत्रापाशी उभं करत नाहीत. नमुने घेण्याच्या खिडकीवर बसवलं आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टी बांधते आणि मूठ आवळायला सांगते. सिस्टर जिन्यात भेटल्या तर मान वळवतात. त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं की हिने काहीतरी लिहून दिलं.

काल जेवताना तिने विचारलं, "सरांनी तुला तो कागद दिला होता ना?"

मी सरांकडे गेल्याचं खिडकीवरच्या कोणीतरी सांगितलं असणार. मी हो म्हटलं.

"कुठे आहे?"

"फाडला."

"माझी सही तुला करता येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून येते. करणार होतीस?"

"नाही," मी म्हणाले.

ह्यांनी जेवण थांबवलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. आता तिला वाचता येतं, कागदावर नसलेलंही. मग तिने आपलं ताट उचललं आणि उरलेलं जेवण आत जाऊन एकटीने जेवली.