चढावरची घागर

कल्याणप्पाला झोप हवी होती. बाकी काही नको होतं.

बावीस वर्षं तो सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवत होता. निजामाचा अंमल गेला, नवं राज्य आलं, मग त्याच्याही जागी दुसरं आलं. रस्ता तोच राहिला. उमरग्यात त्याचं घर होतं, पण तो घरी यायचा तो पडण्यापुरता. डोळ्यांत कायम चुना गेल्यासारखं व्हायचं. दोन्ही लेकी नांदायला गेल्या, त्यांच्या लग्नांतही तो मांडवामागं झोपला होता, असं त्याची बायको इरम्मा सगळ्यांना सांगायची. ते खरं होतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या मालकानं, हिंमतरावांनी, नवीन आडत दुकान बांधायला काढलं. मंगळुरी कौलं गलबतानं रत्नागिरीकडच्या एका खाडीत येणार होती. इथून तूरडाळ न्यायची, तिथून कौलं भरून आणायची.

"गलबताचा काय भरवसा न्हाय," हिंमतराव म्हणाले. "आठ दिवस थांबावं लागंल. क्लीनरला सुट्टी देतो. मंडळींना घेऊन जा की. तुझी बी हवा बदलंल."

आठ दिवस. कल्याणप्पानं मनातल्या मनात ते आठही दिवस झोपून काढले.

घरी येऊन त्यानं इरम्माला सांगितलं. ती आडावरून शेवटची खेप घेऊन आली होती. घागर उतरवून तिनं मान दोन्हीकडं वळवली. मान कटकट वाजली.

"काय हाय तिथं?"

"पाणी."

"किती लांब?"

"दारात. ट्रकच पाण्यापाशी लावतो. आठ दिवस तुला घागर उचलू देणार न्हाय. बसवण्णाची आण."

इरम्मानं त्याच्याकडं नीट पाहिलं. आण घेणारा माणूस तो नव्हता.

निघताना तिनं ट्रकच्या हौद्यात चटई, शेगडी, ज्वारीचं पीठ आणि घागर ठेवली.

"घागर कशाला?"

"असू द्या. घागरीबिगर बिऱ्हाड दिसतं का?"

कोल्हापूरच्या पुढं कल्याणप्पा कधी गेला नव्हता. घाट उतरताना इरम्मानं डोळे मिटून घेतले आणि वळणा-वळणाला विचारलं, "आलो का?" तिसऱ्या दिवशी दुपारी ते खाडीवर पोचले. डाळ उतरवली. माडाखाली ट्रक लावून त्यानं मागं ताडपत्री ताणली. समोर पाणी होतं. उमरग्याच्या बाजाराएवढं रुंद.

समुद्र खारा असतो हे त्याला ठाऊक होतं. पण समुद्र तर पलीकडं, टेकडीच्या आड होता. ही डोंगरातून येणारी नदी दिसत होती. त्यानं स्वतः उतरून घागर भरली आणि इरम्मापुढं ठेवली. तिनं त्याच पाण्यात पीठ मळलं.

पहिला घास घेऊन तो थांबला.

"मीठ दोनदा टाकलंस का?"

"एकदा बी न्हाय टाकलं," इरम्मा म्हणाली. मग तिनं घागरीत बोट बुडवून चाखलं. आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. "बसवण्णानं ऐकलं बरं का तुमचं!"

टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली. "पावणे, ही खाडी हाय वो. गोडं पानी वर, देवलाच्या बावीवर."

वर म्हणजे पाऊण मैल. सगळा चढ. येताना सगळा उतार.

इरम्माचं हसणं ओसरलं. तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि घागर उचलली.

"मी येतो," कल्याणप्पा म्हणाला.

"पडा तुम्ही. डोळे बघा कसे झालेत."

तो पडला. सीटमागच्या फळीवर पाठ टेकली की त्याला जग उरत नसे. उठला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता, घागर भरलेली होती आणि नदी उलटी, डोंगराकडं चालली होती. त्याही दिवशी तो झोपला. आण आठवत होती. अंग हलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डास चावला म्हणून त्याला जाग आली. शेगडी थंड होती. इरम्मा नव्हती. त्यानं चढाकडं पाहिलं.

अर्ध्या वाटेवर एका दगडावर ती बसली होती. शेजारी भरलेली घागर. तो वाट बघत राहिला. ती उठेना. बराच वेळ ती नुसती रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं बघत होती.

मग त्याच्या ध्यानात आलं. दमून तिनं घागर उतरवली होती, पण भरलेली घागर एकटीला परत डोक्यावर घेता येत नव्हती. घागर डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. उमरग्यात आडावर शेजारीण देते. इथं ती कुणीतरी येईल म्हणून बसली होती. बावीस वर्षांत त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं.

तो चढून गेला. धाप लागली.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "नुसती डोक्यावर द्या."

"चुंबळ इकडं दे."

"अहो, काय करताय? लोक हसतील."

"हसू देत. इथं कोण वळखतंय मला?"

लोक हसले. कोळणींनी टोपल्या खाली ठेवून हसून घेतलं. घागर डुचमळत होती, सदरा भिजला होता, मान आत गेली होती. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. त्याला दुसरी खेप करावी लागली.

उरलेले पाच दिवस त्यानंच पाणी भरलं. रोज चार खेपा. झोप झाली नाही. मानेत कळ बसली, ती पुढं हिवाळ्यात जन्मभर उठायची. इरम्मा पहिल्या दिवशी हातांचं काय करावं ते न कळून तेच भांडं दोनदा घासत बसली. दुसऱ्या दिवशी ती फळीवर आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. त्यानं तिला उठवलं नाही. ती घोरते, हे त्याला तेव्हा कळलं.

नवव्या दिवशी गलबत लागलं. कौलं भरली. ते परत आले.

उमरग्यात पोचल्यावर तो पायरीवरच बसला. बाहेर आडावर बायकांची गर्दी होती. इरम्मा आत गेली आणि चुंबळ, घागर घेऊन तशीच बाहेर पडली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "सिताबाई, जरा हात लाव गं."

इथं त्याला सगळे ओळखत होते.

कल्याणप्पा उठला. आडापाशी जाऊन उभा राहिला. बायकांनी पदर सावरले. चुंबळ मागायला त्याचं तोंड उघडलं नाही. त्यानं वाकून घागर दोन्ही हातांनी उचलली आणि इरम्माच्या डोक्यावर ठेवली.

"अगं बया!" सिताबाई म्हणाली. "डायवर क्लीनर झाला की!"

सगळ्या हसल्या. त्याचे कान तापले. इरम्मानं एका हातानं घागर सावरली. ती हसली नाही.

"नीट धरा," ती हळूच म्हणाली. "खाडी न्हाय ही, सांडायला."